कॅन्सर निघाला, आता कामाचं काय? बेळगाव भागातल्या कामगारांसाठी

बायोप्सीचा रिपोर्ट आला की त्या रात्री घरात कुणी जेवत नाही. माणूस वाचेल का, हे सगळे एकमेकांना विचारतात. पगाराचं काय होणार, हे मात्र कुणी तोंडातून काढत नाही. ते प्रत्येकजण अंथरुणावर पडून एकट्यानं मोजत असतो.

मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, 17 वर्षं टाइम ऑफिसला आहे. हजेरी, रजा, ईएसआयचे (कामगारांच्या सरकारी विम्याचे) कागद रोज माझ्या टेबलावरून जातात. तरीसुद्धा माझ्या सख्ख्या थोरल्या भावाच्या बाबतीत चूक झाली ती झालीच. तो दुसऱ्या एका वर्कशॉपात मोल्डर (साचे करणारा) होता. तोंडाचा कॅन्सर निघाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी तो सुपरवायझरला सांगून आला, "उद्यापासून मी यायचा नाही." त्यांनी "तब्येत सांभाळ बाबा" म्हटलं, हिशेब केला आणि एका कागदावर सही घेतली. मला आठ दिवसांनी कळलं. तोवर रजिस्टरला 'स्वखुशीने नोकरी सोडली' अशी नोंद होऊन गेली होती. आजारपणाचा भत्ता म्हणून जे पैसे महिन्याच्या महिन्याला घरी यायला हवे होते, ते गेले. वहिनीनं गंठण गहाण ठेवलं. दादाच्या त्या एका वाक्याची किंमत किती होती हे मी नंतर कागदावर मांडलं आणि मला झोप लागली नाही. म्हणून हे लिहितो आहे. ज्यांच्या घरात हे आत्ताच आलं आहे, त्यांनी सगळं एका दिवसात वाचायची गरज नाही. पहिला भाग तेवढा आजच वाचा.

पहिले पंधरा दिवस: कशावरही सही करायची नाही

राजीनामा लिहायचा नाही. "येत नाही" असं तोंडीही म्हणायचं नाही. "रजेवर आहे" म्हणायचं. मालक कितीही चांगला असला आणि "पुढं बघू, परत ये" म्हणाला, तरी हिशेबाच्या कागदावर सही करायची नाही. कागद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असेल आणि वाचता येत नसेल, तर "घरी वाचून आणतो" म्हणून खिशात घालायचा. आपल्याकडं मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला कन्नड फॉर्म वाचता येत नाही आणि लाजेखातर तो विचारत नाही. इथं लाजू नका. गल्लीतल्या हायस्कूलच्या पोरालासुद्धा तो वाचता येतो.

दुसरीकडं, उपचार पुढं ढकलून काम ओढत राहायचं नाही. "एवढा सीझन होऊ दे, मग बघू" हे मी उसाच्या आणि तंबाखूच्या दिवसांत हमखास ऐकतो. दुखणं अंगावर काढण्याची आपल्याला सवयच आहे, पण या दुखण्यात दोन महिन्यांत लहान ऑपरेशनचं मोठं ऑपरेशन होतं. मोठं ऑपरेशन म्हणजे कामावर परतायलाही तेवढाच जास्त वेळ.

डॉक्टरांना कामाबद्दल विचारा

डॉक्टर रोगाबद्दल सांगतात. काम काय करता हे बहुतेक वेळा विचारत नाहीत. तुम्ही सांगायचं: "मी भट्टीजवळ उभा असतो", "मी दिवसभर मांडी घालून विड्या वळते", "मी डोक्यावरून विटा वाहते". मग विचारायचं: उपचार कोणते, किती दिवस, रोज यावं लागेल की अधूनमधून, आणि नंतर कोणता हात, पाय, खांदा कच्चा राहील?

उत्तरं साधारण अशी असतात. किमोचे डोस बरेचदा 21 दिवसांच्या फेरीनं देतात. डोस झाल्यावर तीन-चार दिवस मळमळ आणि अंगात त्राण नाही. त्यानंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी सगळ्यांत खाली असतात. वरून माणूस बरा दिसतो, पण संसर्गाला उघडा असतो. तिसऱ्या आठवड्यात जरा जीव येतो, तोवर पुढचा डोस. रेडिएशन, ज्याला लोक शेक किंवा लाइट म्हणतात, ते आठवड्यातले पाच दिवस असतं आणि तोंडा-घशासाठी बहुधा सहा-सात आठवडे चालतं. एकेक वेळ काही मिनिटांचीच असते, पण जाणं-येणं आणि थांबणं धरून दिवस मोडतो. पहिल्या दोन आठवड्यांत फार काही वाटत नाही. "मला काही होत नाही, मी ड्यूटी करतो" असं म्हणणारा माणूस चौथ्या आठवड्यात पाणीसुद्धा गिळू शकत नाही. हे आधी माहीत असलं की रजा किती मागायची ते कळतं.

हे सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. डोसाला एक खूण, लाइटला एक, तपासणीला एक. कामाचं काय करायचं ते त्या कॅलेंडरवरच दिसायला लागतं.

तुमचा कागद कोणता, ते शोधा

पगारपत्रक असेल तर त्यात ईएसआयची कपात बघा. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का जातो. 15,000 रुपये पगार असेल तर कपात 113 रुपये दिसेल. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेले यात येतात. कॉन्ट्रॅक्टरकडून कामाला असाल तरी ईएसआय लागू असू शकतो. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथं असे कितीतरी कामगार आहेत, ज्यांना आपला ईएसआय नंबर आहे हेच माहीत नाही. कॉन्ट्रॅक्टरला विचारा, आणि तो टाळत असेल तर ईएसआयच्या ऑफिसात आधार घेऊन जा.

ईएसआयमध्ये दवाखान्याच्या खर्चाशिवाय आणखी एक गोष्ट आहे आणि लोक तीच विसरतात: घरी बसलेल्या दिवसांचे पैसे. वर्गणीच्या सहा महिन्यांत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणाचा भत्ता पगाराच्या 70 टक्के मिळतो, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. कॅन्सर लांबणाऱ्या आजारांच्या यादीत आहे. दोन वर्षं सलग ईएसआयच्या नोकरीत असाल आणि मागच्या चार वर्गणी काळांत मिळून 156 दिवस भरले असतील, तर पुढं 80 टक्क्यांनी वाढीव भत्ता मिळतो आणि तो पहिले 91 दिवस धरून दोन वर्षांपर्यंत जाऊ शकतो.

हिशेब करून दाखवतो. 15,000 पगार म्हणजे दिवसाला साधारण 500 रुपये. त्याचे 70 टक्के म्हणजे 350. असे 91 दिवस, म्हणजे 31,850 रुपये. पुढं दिवसाला 400. माझ्या भावाला हेच मिळालं असतं.

हे मिळायला ईएसआयच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं, आणि ते वेळच्या वेळी. खासगी हॉस्पिटलात परस्पर भरती होऊन तीन महिन्यांनी कागद घेऊन गेलात तर धावपळ आणि वाद दोन्ही वाट्याला येतात. अशोकनगरच्या ईएसआय हॉस्पिटलात आधी जा, तिथून पुढं पाठवू द्या. भत्ता चालू असताना मालक कामावरून काढू लागला तर ईएसआयच्या ऑफिसात सांगा. एकदा 'स्वखुशीने सोडली' लिहून दिलं की या सगळ्याचा पायाच निघतो.

पीएफ कापला जात असेल तर आजारपणासाठी आगाऊ रक्कम काढता येते. त्यासाठी नोकरी सोडायची गरज नाही. सगळा पीएफ बाहेर काढायचा मोह होतो, कारण समोर एकदम मोठा आकडा दिसतो. पण दहा वर्षं व्हायला थोडी राहिली असतील तर थांबा. दहा वर्षांवर पेन्शन उभी राहते. आणि आजारानं कायमचं काम करता येणार नाही अशी वेळ आली, तर ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट लागत नाही. पाच वर्षं झाली नाहीत म्हणून हात हलवत परत पाठवलं तर हे सांगा.

निपाणीकडच्या विडी कामगार बायांनी आपलं विडी कामगार ओळखपत्र शोधून काढावं. केंद्राच्या कामगार कल्याण खात्याकडून विडी कामगारांसाठी कॅन्सरच्या उपचाराच्या खर्चाची तरतूद आहे. उपचार सुरू व्हायच्या आधीच विडी कामगारांच्या दवाखान्यात नाव घाला. पीएफचं पासबुकही बघा. पुष्कळजणींच्या नावावर पैसे असतात आणि ते कुठं आहेत हे फक्त सट्टेदाराला, म्हणजे विड्यांचं काम वाटणाऱ्या ठेकेदाराला, माहीत असतं. गवंडी, सेंट्रिंगवाले, बिगारी यांनी बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड बघावं. मोठ्या आजाराला त्यातून मदत मिळते, पण कार्ड नूतनीकरण झालेलं हवं.

ज्यांच्याकडं यातलं काहीच नाही, धुणीभांडी करणाऱ्या, शेतात रोजानं जाणाऱ्या, वडगाव-खासबागेत दुसऱ्याच्या मागावर बसणाऱ्या, त्यांना पगाराच्या बदल्यात पैसे देणारी योजना नाही. हे कटू आहे, पण खोटी आशा लावत नाही. त्यांचं गणित दवाखान्याचा खर्च शून्यावर आणण्यावर उभं राहतं. बीपीएल रेशन कार्डावर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. आधी सरकारी दवाखान्यात जाऊन पुढं पाठवल्याचं पत्र घ्यावं लागतं. बेळगावात ते बिम्सच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) जिल्हा रुग्णालयातून होतं. पत्राशिवाय थेट खासगी हॉस्पिटलात गेलात तर पहिल्याच दिवशी अनामत भरायला लावतात, आणि उसनवारी तिथून सुरू होते.

रजेचा अर्ज

अर्ज साधा असावा. मी लोकांना असा लिहून देतो:

"मा. व्यवस्थापक यांस, मी मोल्डिंग विभागात टोकन नंबर अमुकवर कामाला आहे. अमुक तारखेपासून माझ्यावर हॉस्पिटलमध्ये उपचार सुरू होत आहेत. डॉक्टरांच्या अंदाजाप्रमाणे पाच महिने लागतील. या काळासाठी मला वैद्यकीय रजा मिळावी. मी नोकरी सोडत नाही. उपचारानंतर फिटनेस सर्टिफिकेट घेऊन हजर होईन. सोबत डॉक्टरांच्या पत्राची झेरॉक्स."

दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती डॉक्टरच्या फाइलमध्येच ठेवा. 'मी नोकरी सोडत नाही' हे वाक्य गाळू नका. अर्जात आजाराचं नाव लिहिलंच पाहिजे असं नाही. ईएसआयच्या डॉक्टरला ते कळतं, सुपरवायझरला कळायची गरज नसते. पण एका तरी वरिष्ठाला विश्वासात घ्या. मी पाहिलंय, ज्यानं साहेबांना नीट सांगितलं त्याची जागा बहुतेक वेळा राहिली. जो न सांगता गैरहजर राहिला, त्याचं नाव पंधरा दिवसांत कटलं.

धुणीभांडी करणाऱ्या मावशींना अर्ज नाही. पण घरमालकिणीला "मी पाच महिन्यांनी येते, तोवर माझी जाऊ येईल" असं आधीच सांगितलं तर घरं टिकतात. बदली देताना जाऊ, नणंद, शेजारीण बघा. शाळेतल्या पोरीला पाठवू नका. आठवीतली पोर आईच्या जागी भांडी घासायला किंवा विड्या वळायला बसते, आई बरी होते, आणि पोर परत शाळेत जात नाही. असं मी दोन घरांत पाहिलं आहे. दोन्ही आयांना त्याची खंत आजाराहून मोठी आहे.

उपचार कुठं घ्यायचे, हाही कामाचाच निर्णय

मुंबईला टाटालाच जायचं, असं नातेवाईक सांगतात. टाटा मेमोरियल उत्तम आहे, शंका नाही. पण सात आठवडे रोज लाइट घ्यायचा असेल तर पेशंटसोबत घरातला एक कमावता माणूसही परळच्या फूटपाथवर किंवा धर्मशाळेत सात आठवडे बसतो. एका घरातून दोन मजुऱ्या जातात. सोबत जाणाऱ्याला ईएसआय काही देत नाही. म्हणून माझं मत असं, की एकदा मोठ्या ठिकाणी सल्ला घ्या, उपचारांचा आराखडा लिहून आणा, आणि रोजचं किंवा दर तीन आठवड्यांचं काम बेळगाव, हुबळी किंवा मिरज-कोल्हापुरात होतं का ते त्याच डॉक्टरांना विचारा. पुष्कळ वेळा होतं.

हुबळीच्या नवनगरात कर्नाटक कॅन्सर थेरपी अँड रिसर्च इन्स्टिट्यूट आहे, बेळगावात केएलईचं कॅन्सर हॉस्पिटल आहे, बेंगळुरूला सरकारी किडवाई. बायकांना राज्यातल्या साध्या बसमधून 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत तिकीट नाही, त्यामुळं बेळगाव-हुबळी येणं-जाणं फुकट होतं; आधार मात्र जवळ ठेवा. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री-एसीला पूर्ण सवलत आहे, सोबतच्याला 75 टक्के. त्यासाठी हॉस्पिटलातून ठराविक नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो.

सीमाभागातल्या आपल्या लोकांसाठी आणखी एक. महाराष्ट्र सरकारनं 2023 साली 865 सीमावर्ती गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजनेत घ्यायचा निर्णय केला. मिरज-कोल्हापूरकडं जाणार असाल तर भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला (हॉस्पिटलातल्या योजनेच्या माणसाला) गावाचं नाव आणि रेशन कार्ड दाखवून विचारा. एका राज्याचं पत्र घेऊन दुसऱ्या राज्यात थेट भरती होऊ नका. कुठली योजना लागू होते हे आधी ठरलं पाहिजे, नाहीतर दोन्हीकडचं हातातून जातं.

उपचार चालू असताना काम करावं का?

काहीजण करतात, आणि काहींना करावंच लागतं. हातावर पोट असलेल्याला "पूर्ण विश्रांती घ्या" सांगणं सोपं आहे. त्यामुळं मी कोणतं काम टाळायचं तेवढं सांगतो.

किमो चालू असताना डोसानंतरचा दुसरा आठवडा घरी काढा. गर्दी, धूळ, पोल्ट्री, गोठ्यातलं शेण काढणं त्या आठवड्यात नको. ताप 100.4 फॅरनहाइटला गेला तर पॅरासिटामॉल घेऊन शिफ्ट पूर्ण करायची नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं, रात्र असली तरी. हे एकच वाक्य लक्षात राहिलं तरी पुरे.

काही किमोनं बोटांना मुंग्या येतात. आमच्या ओळखीच्या निपाणीच्या एका काकू सांगत होत्या, पान हातात आहे की नाही हे बघितल्याशिवाय कळत नव्हतं. विडीची कात्री बोटाला लागली तरी रक्त दिसल्यावर समजायचं. मुंग्या डॉक्टरांना पहिल्या दिवशीच सांगा, औषध किंवा डोस बदलता येतो. रोजची हजार विड्यांची मजुरी सुटू नये म्हणून बाई सांगत नाही, आणि मग बोटं वर्षभर बधिर राहतात. फाउंड्रीत हेच जास्त घातक आहे. गरम कास्टिंगला हात लागला आणि कळलंच नाही, तर काय होतं ते सांगायला नको.

लाइट दिलेल्या जागेला भट्टीची धग आणि ऊन दोन्ही वर्ज्य. स्तनाचं ऑपरेशन होऊन काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हातानं घागर, ओझं उचलायचं नाही. हात सुजला की लवकर उतरत नाही. मागावर बसणाऱ्यांना त्या काळात कांड्या भरण्याचं काम मागून घेता येतं. मजुरी कमी पडते, पण माग सुटत नाही.

बचत गटाचे आणि मायक्रोफायनान्सचे हप्ते असतील तर पहिला हप्ता चुकायच्या आधीच सांगा. रिपोर्टची झेरॉक्स देऊन मुदत मागा. एक हप्ता फेडायला दुसरं कर्ज काढू नका. दारात येऊन दमदाटी करणाऱ्या वसुलीविरुद्ध कर्नाटकात 2025 साली कायदा झाला आहे; पोलिसांकडं जाता येतं.

परत कामावर

फिटनेस सर्टिफिकेट घेताना डॉक्टरांना फक्त "फिट" लिहू देऊ नका. काय करता येईल आणि काय नको हे लिहून मागा: "सहा महिने जड ओझं नको, उष्णतेजवळ नको, बसून काम चालेल." अशी चिठ्ठी आली की माझ्यासारख्याला साहेबांपुढं बोलायला आधार मिळतो. मोल्डिंगवरून तपासणीला, फेटलिंगवरून (कास्टिंग घासून साफ करण्यावरून) स्टोअरला, भट्टीवरून गेटवर. जागा असतात, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. सुरुवातीला पहिली शिफ्ट मागा, रात्रपाळी नको. थकवा कित्येक महिने राहतो. तो आळस नाही, आणि सोबतच्या पोरांनाही हे सांगून ठेवा.

मानेतल्या गाठी काढलेल्यांचा खांदा उतरतो. फिजिओथेरपीचे व्यायाम न चुकता करा, नाहीतर हात डोक्यावर जात नाही. ज्यांचं स्वरयंत्र काढलं आहे त्यांनी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढावं. 2016 च्या कायद्यात ते वाचा-दोषात धरलेलं आहे. आणि तोंडाचा कॅन्सर झालेल्यानं मित्रांच्या चुना-तंबाखूच्या घोळक्यात जेवणाच्या सुट्टीत बसू नये. तंबाखूच्या वखारीत काम असेल तर वेगळं काम शोधण्याचा विचार खरंच करावा. सोपं नाही हे मला कळतं, निपाणीत दुसरं काम कुठं आहे?

पहिली दोन वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी तपासणी असते. ती सुट्टी पहिल्याच महिन्यात सुपरवायझरला कॅलेंडरवर दाखवून ठेवा, आयत्या वेळी मागू नका. माझ्या भावाला जुन्या वर्कशॉपात परत घेतलं नाही. नवव्या महिन्यात एका ओळखीनं मच्छेला लहान युनिटमध्ये गेज घेऊन माप तपासण्याचं काम मिळालं, पगार पूर्वीपेक्षा चार हजारांनी कमी. पहिल्या पगाराच्या स्लिपवर त्यानं आधी ईएसआयची कपात आहे का ते बघितलं, आणि मगच मला फोन केला.